समुद्र नाई तं हापशी काऊन खारी? सहावीच्या एका वर्गातलं प्रकरण

गाव अकोला जिल्ह्यातलं, पूर्णा नदीपासून फार लांब नाही, म्हणजे अस्सल खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणीच खारं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. जिल्हा परिषदेची उच्च प्राथमिक शाळा, सहावीत तीसेक पोरं, घरं बहुतेक कोरडवाहू कापूस-तूर-हरभऱ्याची नाहीतर मजुरीची. मी विषय साधनव्यक्ती म्हणून तालुक्यातल्या शाळांमध्ये जातो, तास पाहतो. या शाळेतल्या भूगोलाच्या मॅडमनी सहावीला जे केलं ते सविस्तर लिहून ठेवतोय, कारण 'मुलांना प्रश्न विचारू द्या' हे आम्ही सगळेच ट्रेनिंगमध्ये ऐकतो आणि पुढं सांगतो, पण पोरानं खरंच प्रश्न विचारला की त्यानंतरच्या पाच मिनिटांत आणि त्यानंतरच्या आठवड्यात मास्तरनं नेमकं काय करायचं हे कोणी सांगत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पोराच्या प्रश्नाला शिक्षकानं लगेच उत्तर दिलं की प्रश्न मिटतो आणि विचारही तिथंच मिटतो. तोच प्रश्न फळ्यावर ठेवला, पोरांकडूनच त्याचे पोटप्रश्न काढून घेतले, आणि त्यातला एखादा तरी हातानं करून पाहता येईल असा बनवला, तर अकरा-बारा वर्षांचं पोरगं कुठपर्यंत जाऊ शकतं हे मी या वर्गात पाहिलं.

आधीची परिस्थिती अशी. वर्ग शिस्तीचा, मॅडम तयारीनं येणाऱ्या, नकाशा लावून शिकवणाऱ्या. पण दर थोड्या वेळानं 'समजलं का?' आणि एका सुरात 'होऽऽ मॅडम'. 'कोणाला काही विचारायचंय का?' यावर पूर्ण शांतता. ही शांतता आमच्याकडे गावोगाव आहे, आणि पोरांच्या डोक्यात प्रश्न नाहीत म्हणून ती नाही. हीच पोरं सुट्टीत शाळेमागं उभी राहून एकमेकाला विचारून राहिली होती की सापाले कान नसते तं पुंगी कशी आयकते. वर्गात आलं की तोंड बंद, कारण घरी 'लय शाना झाला काय बे' आणि शाळेत 'आधी धडा वाच' हे ऐकून ऐकून पोरगं एवढंच शिकतं की प्रश्न विचारणं म्हणजे आपण ढ आहोत हे चारचौघात दाखवणं, नाहीतर मोठ्या माणसाला उलट बोलणं.

मॅडमनी सुरुवात अगदी साधी केली, थांबायला लागल्या. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात वर्गांची रेकॉर्डिंग ऐकून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबतात, मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. हेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांब होतात, 'माहीत नाही' कमी होतं आणि मुलं स्वतःहून जास्त प्रश्न विचारायला लागतात. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाही, पण वर्गात उभं राहून थांबून पाहा, फार मोठे वाटतात. मॅडम खडू हातात धरून खिडकीबाहेर पाहत थांबायच्या, पोरांना पहिल्यांदा वाटलं मॅडम रागावल्या. सवय व्हायला वेळ लागला.

मग आला महासागरांचा धडा. समुद्राचं पाणी खारं, कोकणात मिठागरं, पाणी आटवून मीठ मिळवतात वगैरे. वर्गातल्या एकाही पोरानं समुद्र पाहिलेला नव्हता. मॅडम बोलायच्या थांबल्या, आणि दुसऱ्या रांगेतली एक मुलगी, एरवी हजेरीपुरतं बोलणारी, बसल्या बसल्याच म्हणाली, "मॅडम, समुद्राचं पाणी खारं हाय म्हणून थ्या पाण्यातून मीठ निंगते. मंग आपली हापशी काऊन खारी? आपल्याइथं तं समुद्र नाई."

दोघं-तिघं फिदीफिदी हसले. उत्तर मॅडमना येत होतं, दोन वाक्यांत देऊन धडा पुढं नेता आला असता आणि कोणी त्यांना नावं ठेवली नसती. त्यांनी तसं केलं नाही. फळ्याचा उजवा कोपरा पुसला आणि प्रश्न तिच्याच शब्दात लिहिला, 'काऊन' सकट, काही न सुधारता. म्हणाल्या, "बेटा, हा प्रश्न इथंच राहील. कोणी पुसायचा नाही." हसणारे गप्प झाले. माझ्या मते सगळं प्रकरण इथं वळलं, बाकी सगळं नंतरचं.

पुढच्या तासाला त्यांनी जी पद्धत वापरली ती अमेरिकेतल्या राइट क्वेश्चन इन्स्टिट्यूटच्या डॅन रॉथस्टीन आणि लुझ सँताना यांची. तिचं मूळ वर्गात नाही, पालकांत आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स गावातले गरीब पालक शाळेच्या मीटिंगला येत नव्हते, आणि कारण त्यांनीच सांगितलं की तिथं जाऊन काय विचारायचं हेच आम्हाला कळत नाही. आपल्याकडच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगमध्ये कोपऱ्यात बसलेल्या माउल्या आठवल्या की हे लगेच पटतं. नियम चारच: सुचतील तितके प्रश्न विचारा, मध्येच उत्तर द्यायचं नाही की चांगला-वाईट म्हणायचं नाही, जसा विचारला तसाच लिहून घ्या, आणि कोणी विधान केलं तर त्याचा प्रश्न बनवा. यातला दुसरा नियम पोरांपेक्षा शिक्षकाला अवघड जातो. 'वा, छान प्रश्न!' हेसुद्धा म्हणायचं नसतं, कारण एकाला छान म्हटलं की बाकीचे आपला प्रश्न गिळतात.

पाच-सहा जणांचे गट, प्रत्येकाला पाठकोरा कागद, आणि पोरं सुटली. पावसाचं पाणी गोडं असते मंग जमिनीत जाऊन खारं कसं होते, हिर आणखीन खोल केली तं गोडं लागन का, पूर्णा नदी खारी हाय का, म्हैस हेच पाणी पेते तं तिले काही होत नाई का, तिकडं डोंगराकडच्या गावात गोडं पाणी हाय मंग आपल्याच गावात काऊन नाई, खिचडीवाली मावशी डाळीत नळाचंच पाणी काऊन टाकते. एक पोरगा म्हणाला, "आमचे आबा सांगते इथं आधी समुद्र होता." गटातल्या पोरीनं लगेच टोकलं, "हा प्रश्न नाई, प्रश्न कर त्याचा." मग कागदावर आलं: इथं आधी समुद्र होता हे कशावरून?

हे 'कशावरून' पोरांनी स्वतः काढलं हे लक्षात घ्या. आबांचं वाक्य खोटं आहे असं कोणी म्हटलं नाही, आबांचा मानही राहिला, आणि तरी वाक्य तपासायला टेबलावर आलं.

मूळ पद्धतीत यानंतर प्रश्नांचे बंद (हो-नाहीत उत्तर संपणारे) आणि खुले (सविस्तर उत्तर लागणारे) असे दोन भाग करतात आणि एकाचं दुसऱ्यात रूपांतर करायला लावतात. मॅडमनी ते एकदा केलं, 'पूर्णा खारी आहे का' याचं पोरांनी 'पूर्णेचा खारेपणा पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत कसा बदलत जातो' असं केलं, आणि हा दुसरा प्रश्न किती वजनदार आहे पाहा. पण वर्गाला खरी उपयोगी पडली ती मॅडमची स्वतःची वाटणी: पुस्तकात सापडणारे, माणसाला विचारून कळणारे, करून पाहायचे, आणि आज कोणालाच पक्कं सांगता येणार नाही असे. भिंतीवर चार कागद. कुठला प्रश्न कुठं जाईल यावर जी भांडणं झाली त्यात मला सगळ्यात जास्त विचार दिसला. विहीर खोल करण्याचा प्रश्न एकानं 'करून पाहायचे'मध्ये चिकटवला तर दुसरा म्हणे, "पैसे कोण देईन तुहा बाप?" आणि शेवटी ठरलं की ज्यांनी बोर मारल्या त्यांना विचारायचं, कोणाला किती फुटांवर कसं पाणी लागलं. अकरा वर्षांच्या पोरांनी ठरवलं की प्रयोग परवडत नसेल तर आधीच झालेल्या प्रयोगांची माहिती गोळा करता येते.

करून पाहायचा भाग असा झाला. पोषण आहाराची चार स्टीलची ताटं घेतली, परतीच्या पावसाचं धरून ठेवलेलं पाणी, धरणाच्या योजनेचं नळाचं पाणी, एका विहिरीचं आणि शाळेच्या हापशीचं, प्रत्येकी एक वाटी. "सारखीच वाटी कायले पाह्यजे?" असं एकानं विचारलं तेव्हा मॅडम गप्प राहिल्या आणि उत्तर वर्गातूनच आलं, "जास्त पाणी टाकलं तं जास्त मीठ निंगन, मंग कसं समजन कोनतं खारं?" ताटं ओट्यावर उन्हात ठेवली. ऑक्टोबरचं ऊन. एक ताट शेळीनं सांडवलं ते पुन्हा भरलं.

पाणी आटल्यावर पावसाचं ताट जवळपास कोरं, फक्त धुळीचा ठिपका. नळाच्या ताटात पुसट गोल रेघ. विहिरीच्या ताटात पांढरट डाग. आणि हापशीच्या ताटात पांढरी खपली, कडेला जाड, मध्ये पातळ, नखानं खरवडली तर भुगा पडेल अशी. हे पाणी पोरं जन्मापासून पाहतात, पाण्याच्या गुंडाच्या आत साचलेला पांढरा थर त्यांच्या आया चिंच लावून घासतात, पण पाण्यातून तो निघताना कोणी पाहिला नव्हता. मॅडम नको म्हणायच्या आत एकानं बोट लावून चाटलं आणि तोंड वाकडं केलं. "खारट हाय, पण मिठावानी नाई. कडू लागते."

आणि तिथं दुसरा मोठा प्रश्न जन्माला आला: हे मीठच हाय का दुसरं काही?

शिक्षक शिकवून जिथं पोचवू शकला नसता तिथं पोरगं आपल्या जिभेनं पोचलं. आता मॅडमनी सांगितलं, आणि सांगायची वेळ हीच होती, कारण आता ऐकायला कान तयार होते. जमिनीतल्या पाण्यात खायच्या मिठासोबत कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियमचे बरेच क्षार असतात. मॅग्नेशियमचे क्षार कडवट लागतात. कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलं की पाणी जड होतं, साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही. स्वयंपाकवाल्या मावशीला वर्गात बोलावलं, ती म्हणाली, "हापशीच्या पाण्यात डाळ घातली तं अर्धा सिलिंडर जाईन, तरी दाना दानाच राह्यते." मावशीला वर्गात उभं राहून शिकवताना पाहून पोरांना जे वाटलं असेल ते वाटलं असेल, मला फार बरं वाटलं.

मग नकाशा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, मध्ये पूर्णेचं सपाट खोरं, त्यात नद्यांनी आणून टाकलेला बारीक गाळ शेकडो फूट खोल. चिकण काळी माती, तिच्यातून पाणी मुरतं हळू आणि पुढं वाहून जातं त्याहून हळू. वर अकोल्याचा उन्हाळा, पारा ४५ च्या वर. पाणी वाफ होऊन जातं, खडकांतून आणि मातीतून विरघळून आलेले क्षार मागं राहतात, हजारो वर्षं साचत राहतात. मॅडम एवढं सांगून थांबल्या, त्यांचं ते थांबणं आता वर्गाला कळत होतं, आणि मागून आवाज आला, "म्हणजे आपलं खोरं म्हणजे थे ताटच हाय ना मॅडम!"

डोंगराकडच्या गावांचा प्रश्नही याच धाग्यात सुटला. सातपुड्याच्या पायथ्याला, अकोट-तेल्हाऱ्याच्या वरच्या अंगाला, जाड रेती-गोट्यांचा थर आहे, पाणी झरझर उतरतं आणि पुढं सरकतं, म्हणून तिथं गोडं पाणी आणि संत्री-केळीच्या बागा.

आबांच्या समुद्राचं काय झालं? एक मुलगी म्हणाली समुद्र असता तं शंख सापडले असते, दुसरा म्हणाला आमच्या वावरात सापडते ना शंख, तिसरा म्हणाला थे तं पुराच्या पाण्यातले गोगलगायीचे. वाद रंगला. तेवढ्यात बुलढाणा जिल्ह्यात आत्या असलेला एक पोरगा म्हणाला, "लोणारचं पाणी पण खारं हाय. मी पाह्यलं. तिथं तं वरून उल्का पडून खड्डा झाला, समुद्र कुठी होता?" लोणारच्या सरोवरात पाणी येतं, पण बाहेर जायला वाट नाही, जातं ते वाफ होऊनच. म्हणजे खारं पाणी व्हायला समुद्र असायलाच पाहिजे असं नाही, हे पोरांनी एका उदाहरणावरून स्वतः सिद्ध केलं. शेवटी एकीनं उलटं विचारलं, मंग समुद्र तरी खारा कायनं झाला? नद्या क्षार आणून टाकतात आणि पाणी वाफ होऊन निघून जातं, समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, हे त्याच महासागरांच्या धड्यात येऊन मिळालं. धडा सुटला नव्हताच, फक्त दुसऱ्या रस्त्यानं आला.

आता अडचणींबद्दल. वेळ गेला, भरपूर गेला, आणि चाचणी जवळ आली तसं मुख्याध्यापक सर अस्वस्थ झाले. त्यांची काळजी खोटी नव्हती, वर मागितलेली माहिती त्यांनाच भरावी लागते. मी त्यांना शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम २९ दाखवलं, त्यात कृती, शोध आणि धांडोळ्यातून शिकणं आणि मुलाला भीतीमुक्त करून मोकळेपणी मत मांडायला मदत करणं हे अभ्यासक्रमाचं कामच म्हणून लिहिलंय. ते म्हणाले कायदा बरोबर आहे, पण पेपर? यावर मॅडमनी आकारिक मूल्यमापनातच, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनात, एक प्रश्न घातला: या धड्यावर तुला पडलेला एक प्रश्न लिही आणि त्याचं उत्तर शोधायला काय करशील ते लिही. मला वाटतं हा उपाय कुठल्याही शाळेत उद्यापासून करता येईल. ज्याला मार्क असतात ते घरचे पण गंभीरपणे घेतात, हे आपल्या भागातलं सत्य आहे.

दुसरी अडचण गावातून आली. नळाचं पाणी कितीतरी दिवसांआड काऊन येते, हा प्रश्न पोरांनी 'माणसाला विचारून कळणारे' या कागदावर लावला होता आणि चिठ्ठी लिहून ग्रामपंचायतीत नेऊन दिली. तिथल्या एका जाणत्या माणसानं मॅडमना गाठून विचारलं, "पोट्ट्याइले राजकारण कायले शिकवता?" मॅडमनी वाद घातला नाही. पाण्याच्या टाकीवर काम करणाऱ्या काकांना वर्गात बोलावलं. त्यांनी टाकी किती लिटरची, पाइपलाइन कुठून येते, लाइट गेली की काय होतं, कोणत्या गल्लीत व्हॉल्व्ह कधी उघडतात, सगळं फळ्यावर काढून दाखवलं. पोरांनी खोदून खोदून विचारलं. ते जाणते गृहस्थ दाराशी उभे राहून ऐकत होते, नंतर काही बोलले नाहीत.

प्रश्न विचारणं हे बाहेरून आलेलं खूळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी गाडगेबाबा आठवावेत. १८७६ साली शेंडगावात जन्मलेला माणूस, याच पूर्णेच्या काठी दापुऱ्याला मामाकडं वाढला. कीर्तनात पोथी सांगण्यापेक्षा समोरच्या लोकांना वऱ्हाडीत प्रश्नच विचारत जायचे, उत्तर लोकांच्या तोंडून काढायचे आणि त्या उत्तरावर पुढचा प्रश्न टाकायचे. आपल्या मातीत ही रीत आहे, आपण ती शाळेच्या दाराबाहेर ठेवली.

बोलकी चार पोरं सगळा वर्ग व्यापून टाकतात ही अडचण मात्र खरी आणि चिवट. सुरुवातीला मुली गटात लिहायच्या पण वाचून दाखवायला मुलगा उठायचा. मॅडमनी नियम केला की वाचणारा दर वेळी बदलेल आणि दुसऱ्याचा प्रश्न वाचायचा, स्वतःचा नाही. लाज कमी झाली. प्रश्नपेटीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: बऱ्याच शाळांत ती रंगीत कागद लावून कोपऱ्यात धूळ खाते, कारण आत टाकलेली चिठ्ठी परत फळ्यावर येत नाही. आणि प्रश्नाला स्टार द्यायचा प्रकार तर टाळाच. दुसऱ्या एका शाळेत मी पाहिलं, पोरं स्टारसाठी 'समुद्र निळा का, ढग पांढरे का, गवत हिरवं का' अशी रांग लावत होती आणि उत्तराची वाट कोणीच पाहत नव्हतं.

कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरी घसरते, या वर्गातला एक मोठा पोरगा बरेच दिवस आलाच नाही. आला तेव्हा वर्ग बराच पुढं गेलेला. भिंतीवरचे कागद त्यानं मधल्या सुट्टीत उभ्या उभ्या वाचले आणि नंतर मॅडमकडं येऊन म्हणाला, "आमच्या बाबानं एक खेप बोरच्या पाण्यानं ओलीत केलं होतं, तं थे वावर चोपन झालं. पीक गेलं. खारं पाणी तं नुसतं पाणीच हाय, मातीले काय करते थे?" वर्गातल्या एकालाही हा प्रश्न सुचला नव्हता, त्याला सुचला कारण त्याच्या घरी ते घडलं होतं. सोडियममुळं चिकण मातीचे कण सुटे होतात, भेगा-छिद्रं बुजतात, पाणी आत जाईना होतं, वाळलं की दगडासारखं कडक, हेच चोपन. मॅडमनी त्यालाच त्याच्या वावरातलं एक ढेकूळ आणि रस्त्यापलीकडच्या न भिजवलेल्या वावरातलं एक ढेकूळ आणायला लावलं. काचेच्या दोन ग्लासांत पावसाचं पाणी घेऊन ढेकळं अलगद सोडली. न भिजवलेल्या वावरातलं ढेकूळ पाण्यात बराच वेळ तसंच बसून राहिलं, त्याच्या वावरातल्या ढेकळाभोवती दुधासारखं गढूळ वलय पसरलं. पोरगा ग्लासजवळून हलेना.

आणि सगळ्यात शेवटी आला तो प्रश्न ज्याचं उत्तर वर्गाकडं अजून नाही. गावात २० लिटरचे कॅन भरणारा आरओचा प्लांट आहे. एका मुलीनं विचारलं, "थे खाऱ्याचं गोडं करते. मंग त्याच्यातलं मीठ जाते कुठी?" पोरं परवानगी घेऊन प्लांटवर गेली. मालक आधी वैतागले, मग स्वतःच टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र, काढून दाखवायला लागले. भारतीय मानकाप्रमाणं पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार चालतात, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत. बोरच्या पाण्यानं मीटरवर २००० ओलांडले, कॅनच्या पाण्यानं शंभरसुद्धा गाठले नाहीत. तिसरा पाइप मागच्या बाजूला निघालेला, त्यातलं पाणी बोरच्या पाण्याहूनही खारं, आणि ते सरळ नालीत. नाली गावाबाहेरच्या नाल्यात. नाल्याच्या काठाला एक विहीर.

ती विहीर आता पोरांच्या यादीत आहे. प्लांटच्या मालकांनी मीटर शाळेला वापरायला देतो म्हटलंय, उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा त्या विहिरीचं आणि नाल्यापासून लांबच्या दुसऱ्या एका विहिरीचं रीडिंग घ्यायचं ठरलंय. फक्त एकाच विहिरीचं घेतलं तं काही समजणार नाई, ही सूचना वाटी-सारखी-पाह्यजेवाल्या पोराची. वर्ग सातवीत जाईल तेव्हा भिंतीवरचे चारही कागद विज्ञानाच्या सरांकडं जातील, सरांनी तसं कबूल केलंय, त्यांची अट एकच की नोंदवही पोरांनीच ठेवायची.